राखेखालचं पोलाद आणि चकाचकमामा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वीजकेंद्राचे मुख्य अभियंता साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, कामगार संघटनेचे पदाधिकारी, बॉयलर विभागातले माझे सगळे सोबती, कुटुंबांसह आवर्जून आलेल्या भगिनी आणि बंधूंनो, खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभी असलेली दुसरी पाळी, आणि आजचे सत्कारमूर्ती, आपले बॉयलर फोरमन, म्हणजे तुमचे आमचे चकाचकमामा, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मी इथल्या धातू प्रयोगशाळेची प्रमुख. माझ्या पाठीमागे मला ‘राखवाल्या बाई’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तोंडावर म्हटलंत तरी चालेल, आता मामांसारखी माझीही निवृत्ती जवळ आलीय. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मामांचे इतके गुण गायले, की मामा मघापासून मान वळवून बघतायत, हा एवढा मोठा माणूस नक्की कोण बसलाय आपल्या शेजारी! संघटनेच्या सचिवांनी तर त्यांना देवमाणूस करून टाकलं. मला तेवढं जमणार नाही. मी मामांचं एक घोडचुकीचं काम सांगायला उभी आहे.

हसा, हसा. मामा हसत नाहीयेत बघा. त्यांना कळलंय मी कुठल्या वाटेनं निघाले ते.

खरं सांगते, मी वेगळं भाषण तयार करून आणलं होतं. चांगलं दोन पानांचं, अलंकारिक वगैरे. पण हॉलमध्ये शिरताना चहाच्या टेबलापाशी मामी भेटल्या. मामी म्हणजे मामांच्या सौभाग्यवती, त्या पहिल्या रांगेत, लेकीच्या शेजारी. मामींनी माझ्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, “बाई, एक विचारू? इतकी वर्षं हे एकाच जागी कसे हो राहिले? यांच्या हाताखालची पोरं साहेब झाली. आमच्या ह्यांना पुढे पुढे करता येत नाही, हेच ना कारण?” मी म्हटलं, चहा छान झालाय. काय बोलणार? मग ती दोन पानं पर्समध्ये ठेवली ती ठेवलीच.

कारण मामींचा प्रश्न रास्त आहे, आणि या सभागृहात त्याचं उत्तर ठाऊक असलेली फक्त दोन माणसं आहेत. एक इथे माईकसमोर उभी आहे. दुसरं माणूस मला डोळ्यांनी खाली बसायला सांगतंय. मामा, डोळे वटारू नका. मी बसणार नाही.

नव्या मंडळींसाठी आधी नावाचं सांगते. मामांना चकाचकमामा का म्हणतात? यांच्या खांद्यावर फडकं नाही असा दिवस मी पाहिला नाही. पाना वापरला की पुसणार, हत्यारांच्या पेटीचं झाकण पुसणार, दुसऱ्याच्या टेबलावरचा चहाचा डाग पुसणार. मोजमापाच्या काचा इतक्या पुसल्या की एकीवरचे आकडेच गेले. बॉयलरच्या खाली, जिथे आम्ही सगळे काळेठिक्कर होऊन बाहेर पडतो, तिथे मामांची खोली अशी, की आत जाताना बूट काढावेसे वाटावेत. कुणाला काही द्यायचं तर ते स्वच्छ करूनच द्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. कुणी छत्री मागितली तरी हे आधी ती पुसणार, मग देणार. बाहेर पाऊस पडत असला तरी!

आणि नेमका असा माणूस माझ्या वाट्याला यावा, जिचा सगळा जन्म मळ जपण्यात गेला.

म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. कुटुंबातल्या मंडळींनो, कंटाळू नका, परीक्षा घेणार नाही. बॉयलरमध्ये इंधन जळतं, राख उडते, आणि वर ज्या नळ्यांमधून तापलेली वाफ जाते, त्या नळ्यांवर ती राख चिकटते. नळ्या खास पोलादाच्या, भरपूर उष्णता सोसणाऱ्या. त्या पोलादावर स्वतःचीच एक पातळ साय धरते, ऑक्साइडची, आणि ती साय पोलादाला सांभाळते. पण राखेत क्षार असतात. ते त्या उष्णतेत वितळतात आणि राखेच्या पोटात, अगदी पोलादाला लागून, त्यांचा चिकट थर बसतो. हा थर ती साय खातो. साय गेली की मग पोलाद खातो. मिठाच्या बरणीला पत्र्याचं झाकण लावून बघा घरी, थोडीफार कल्पना येईल. आणि वरून? वरून काही दिसत नाही. वर आपली राख शांत बसलेली असते. म्हणून ही राख आहे तशी, न हलवता, न धुता, न पुसता मला हवी असते. चोराला पकडायचं तर तो घरात असतानाच पकडायला हवा ना?

तर त्या काळी आपल्याकडे टूम निघाली, की कोळशात शेतातला काडीकचरा, भुसकट वगैरे मिसळून जाळायचं. कल्पना चांगलीच होती, मी आजही तिच्या बाजूची आहे. पण काड्या-भुसकटाच्या राखेत क्षार जास्त. मी म्हटलं, सुपरहीटरच्या, म्हणजे त्या वाफेच्या नळ्यांच्या, सगळ्यात तापणाऱ्या रांगेचं पोलाद बदलल्याशिवाय हे करू नका, ते टिकणार नाही. तेव्हाचे मोठे साहेब, आता ते या जगात नाहीत, माणूस दिलाचा चांगला, पण घाईचा. ते म्हणाले, “बाई, तुम्हाला राखेत भुतं दिसतात.” शेवटी ठरलं, की चाचणी करू. एका लांब दांड्यावर वेगवेगळ्या पोलादांच्या रिंगा ओवल्या, दांड्याच्या आतून गार हवा खेळवली, म्हणजे रिंगा नेमक्या नळ्यांइतक्याच तापतील, आणि तो दांडा बॉयलरच्या झरोक्यातून आत सारला. काही आठवडे कोळसा आणि भुसकट जाळायचं. मग दांडा काढायचा, आणि राखेसकट रिंगा माझ्या टेबलावर.

नेमकी त्याच सुमारास माझी आई घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. मला जावं लागलं. मी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला पढवून ठेवलं होतं, दांड्याला कुणी हात लावायचा नाही. पण पंप बिघडला, बॉयलर ठरल्याआधीच थांबवावा लागला, मदतनीस सुट्टीवर, आणि दांडा बाहेर काढायचं काम कुणाकडे आलं? ओळखा पाहू.

बरोब्बर.

मी परत आले ती स्टेशनवरून थेट ऑफिसात, हातात बॅग तशीच. मला सांगितलं, मीटिंग सुरू आहे, लवकर जा, इंधनाचा निर्णय आजच आहे. मी दार ढकलून आत गेले तर टेबलावर पांढराशुभ्र रुमाल अंथरलेला आणि त्यावर माझ्या रिंगा. आणि त्या रिंगा, अहो, दागिन्यांसारख्या लखलखत होत्या! राखेचा कण नाही. खड्डा नाही, डाग नाही. मोठे साहेब एक रिंग बोटात घालून सगळ्यांना दाखवत होते. म्हणाले, “या बाई, या. बघा तुमची भुतं. इतके आठवडे आगीत राहून पोलादाला काही झालेलं नाही. डोळ्यांना दिसतंय की!”

सगळे हसले. मीही हसले असेन, दुसरं काय करणार? मंडळी, तो क्षण मी विसरू शकत नाही. मला वाटलं, आपलंच चुकलं की काय? वर्षभर आपण सगळ्यांशी भांडलो, आणि पोलाद तर हे असं साजरं उभं आहे. राख आपोआप गळून पडली असेल का? प्रवासानं डोकं दुखत होतं, आई तिकडे अंथरुणावर, आणि समोर दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत.

मामा त्या मीटिंगला होते. एरवी फोरमनला तिथे कोण बोलावतो? पण त्या दिवशी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण मी यायच्या आधीच मोठ्या साहेबांनी जाहीर केलं होतं, की हेड फोरमनची जागा मामांना द्यायची ठरली आहे, पहिल्या तारखेपासून. सगळ्यांच्या टाळ्या वाजवून झाल्या होत्या. त्या जागेबरोबर बागेपलीकडचं मोठं घर मिळायचं. मामींना बातमी आदल्याच दिवशी लागली होती. मामींनी त्या घराच्या खिडक्या बाहेरून बघून ठेवल्या होत्या, हो की नाही मामी? कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं.

साहेब शिपायाला म्हणाले, इंधनाच्या निर्णयाचा कागद आणा, सही करून टाकू. आणि कोपऱ्यातून आवाज आला, “साहेब, जरा थांबा.”

मामा उभे राहिले होते. हातात फडकं. म्हणाले, “साहेब, ही चमक पोलादाची नाही. ही माझी आहे. मी घासल्यात.”

खोलीत कुणालाच काही समजेना. साहेब म्हणाले, “काय घासलंय?”

“रिंगा. काढल्या तेव्हा लई काळ्या होत्या, पिवळट पापुद्रे धरले होते. बाईंची वस्तू, आणि मीटिंगमध्ये ठेवायची. अशी काळी कशी ठेवायची? म्हणून आधी ब्रशनं काढलं सगळं, मग पॉलिश पेपर मारला. खड्डे होते बारीक बारीक. ते जाईपर्यंत मारला.”

“खड्डे होते?” मी ओरडलेच.

“होते ना बाई. लई होते. म्हणून तर वेळ लागला.”

आता सांगा, यावर रडावं की हसावं? माझी सगळी चाचणी या माणसानं प्रेमानं घासून टाकली होती! आता जाडी मोजून तरी काय उपयोग? पोलाद राखेनं किती खाल्लं आणि मामांच्या पॉलिश पेपरनं किती, कोण सांगणार? त्या क्षणी मला मामांचा असा राग आला, की विचारू नका. मी त्यांना सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. आणि मोठे साहेब तर लालबुंद. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं? परवानगी कुणाची घेतली?” मामा म्हणाले, “कुणाची नाही साहेब. सवय.”

राग ओसरला, मग डोक्यात प्रकाश पडला. मंडळी, जरा विचार करा. त्या खोलीत कुणाला कळणार होतं? मदतनीस सुट्टीवर. रिंगा घासताना कुणी पाहिलं नव्हतं. माझी स्वतःची खात्री डळमळली होती. कागद आला होता, पेन उघडलं होतं. मामांनी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला काय लागतं? आणि गप्प बसण्यातच त्यांची बढती होती, घर होतं, टाळ्या तर वाजूनही गेल्या होत्या. पण हा माणूस उठला आणि म्हणाला, मी घासल्यात.

सही झाली नाही. चाचणी पुन्हा करायची ठरली. साहेबांनी मामांवर कामात ढवळाढवळ केल्याचा ठपका ठेवला आणि हेड फोरमनच्या जागेवर बाहेरून माणूस आणला. नंतरही ती जागा रिकामी झाली तेव्हा कुणीतरी तो ठपका उकरून काढायचंच. मी साहेबांकडे भांडायला निघाले होते. जिन्यात मामांनी मला अडवलं. म्हणाले, “बाई, साहेब काय खोटं बोलले? घासल्या तर मीच. तुमची मेहनत मातीत घातली, वर तुम्ही माझ्यासाठी भांडणार? मला लाज वाटेल.” आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “घरी मात्र कळू देऊ नका. मी सांगितलंय, वरून माणूस आला म्हणून.” मी नुसती मान हलवली. मामा, लक्षात घ्या, मी शब्द दिला नव्हता. मान हलवली होती.

दुसऱ्या चाचणीचं काय सांगू! दांडा आत होता तोवर मामा त्या झरोक्यापाशी कुणाला फिरकू देत नव्हते. खडूनं पाटी लिहून टांगली होती, “हात लावू नये. मीसुद्धा.” दांडा काढला तेव्हा बाळंतिणीचं मूल न्यावं तसा दोन्ही हातांवर घेऊन प्रयोगशाळेपर्यंत आले. श्वाससुद्धा बेताचा घेत होते, राख पडेल म्हणून. टेबलावर ठेवला आणि लगेच बाहेर जाऊन उभे राहिले. म्हणाले, “हात शिवशिवतायत बाई. मी लांबच बरा.”

मी रिंग राखेसकट एका घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात बसवली, पाण्याशिवाय कापली, कारण पाण्यानं ते क्षार धुऊन जातात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वर राख, तिच्याखाली तो वितळून थिजलेला पिवळट थर, आणि त्याच्याखाली पोलाद आतपर्यंत पोखरलेलं, कणाकणाच्या सांध्यांतून. त्या वेगानं ती रांग दुरुस्तीसाठीचं पुढचं शटडाऊनसुद्धा गाठू शकली नसती. नळी फुटली असती तर वाफ कुठून उसळली असती? त्याच झरोक्यांतून, जिथे तुम्ही लोक दर पाळीला तोंड घालून आत बघता. साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग ती रांग बदलली, जास्त क्रोमियमचं पोलाद घातलं, वाफेचं तापमान थोडं उतरवलं, आणि भुसकट सुखानं जळायला लागलं. ते आजही जळतंय. तुमच्या घरचे दिवे त्यावर लागतात.

तेव्हा घातलेली ती नवी रांग आम्ही आत्ताच्या शटडाऊनला उतरवली. फुटली म्हणून नाही हो, म्हातारी झाली म्हणून. पूर्ण आयुष्य जगून, कुणाला न भाजता उतरली. मामा, तुम्ही इतक्या वर्षांत मला एकदाही विचारलं नाहीत, म्हणून आज सांगते. तिचा तुकडा मी कापून पाहिला. अजून चांगली जाड आहे.

तर मामी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ह्यांना पुढे पुढे करता येत नाही असं तुम्ही म्हणालात. कॉलनीतही असंच म्हणतात. तुमच्या भावानं भरल्या पंगतीत विचारलं होतं, “काय भावजी, अजून तिथंच?” आणि हे ताटाकडे बघत बसले होते, हे तुम्हीच मला एकदा सांगितलंत. मला तेव्हा किती बोलावंसं वाटलं होतं! मामी, ज्या दिवशी पुढे होणं सगळ्यात अवघड होतं, त्या दिवशी ते एकटे पुढे झाले होते. ते मोठं घर कुणी तुमच्याकडून हिसकावलं नाही, आणि ह्यांच्या नेभळटपणामुळे गेलं असंही नाही. ह्यांनी ते एका वाक्यात दिलं. दुसऱ्या पाळीतल्या त्या भिंतीला टेकलेल्या पोरांचे बाप त्या झरोक्यांपाशी उभे असायचे, त्यांच्यासाठी दिलं. आणि त्यांना स्वतःला मात्र ते कधी कळलंच नाही. त्यांच्या लेखी त्या दिवसाची आठवण एवढीच, की आपण बाईंच्या रिंगा घासल्या. इतकी वर्षं त्यांनी निम्मीच गोष्ट जवळ ठेवली, आणि तीही लाजेची. उरलेली निम्मी मी आज तुमच्या हवाली करते.

अहो मामा, बसा. कुठे निघालात? लेकीनं धरून ठेवलंय ते बरं झालं.

मामी उठल्यात. मामी, वर येता का? माईक देऊ? नको म्हणतात. तिथूनच बोलतायत, जरा शांत व्हा मागे... ऐकलंत ना? नाही ऐकू आलं? मी सांगते. मामी त्यांना म्हणाल्या, “मला सांगितलं असतंत तर मी आहे त्याच लहान घरात पाच वर्षं कमी भांडले असते.” आणि आता त्यांच्या खांद्यावरचं फडकं ओढून त्यांनीच डोळे पुसले.

चला, आता आवरतं घेते. मला बोलायची संधी दिली म्हणून आयोजकांचे, आणि घड्याळाकडे बघत असूनही मला न थांबवल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आभार. मामा, घरी निवांत राहा, हवं ते हवं तितकं घासा, आता कुणाचं काही बिघडत नाही. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल, वेळ तर नक्कीच जास्त घेतला. या सगळ्याची तुम्हा सर्वांकडे हात जोडून माफी मागते. मामांनी घरी सांगू नका म्हटलं होतं, ते मी चारशे लोकांसमोर सांगितलं. त्याची माफी मात्र मी मागणार नाही.

नमस्कार.